सशाला खेळणी कशाला? घरातल्या सशाचं घर आणि त्याचे खेळ

आजचा विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले असतील. माणसांच्या मुलांना खेळायला जागा नाही आणि ही बाई सशाच्या खेळण्यांवर बोलायला आली! पण तासाभरानं तुम्ही इथून उठाल तेव्हा एवढं नक्की पटलेलं असेल, की सशाच्या बाबतीत खेळणं ही चैन नाही. त्याचे दात, त्याचं पोट आणि त्याचं डोकं, तिन्ही त्यावर अवलंबून आहेत. आणि त्यासाठी खिशातून फारसं काही जात नाही. रद्दी, पुठ्ठा, गवत आणि एखादी जुनी कुंडी, एवढ्यात काम होतं.

शहरात ससा घरी येतो तो बहुतेक वेळा मुलांच्या हट्टापायी. वाढदिवसाला आणतात. सोबत दुकानदार दोन फुटी तारेचा पिंजरा देतो, पाण्याची बाटली देतो आणि सांगतो, "गाजर घाला, कोबी घाला, काही त्रास नाही." ससा ओरडत नाही, भुंकत नाही, फर्निचरवर ओरखडे काढत नाही. महिनाभरात मुलांची हौस फिटते आणि पिंजरा बाल्कनीत जातो. नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. बाल्कनीतल्या पिंजऱ्यातली ८ वर्षं कशी असतील, याचा विचार करायला आपण आज जमलो आहोत.

आधी हा प्राणी कोण, ते बघू

आपल्या गोष्टींमधला ससा आणि बाजारातला पांढरा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, तिथून घोटाळा सुरू होतो. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर दिसतो तो रानससा, लेपस नायग्रिकोलिस. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याला धरून घरी पाळणं हा गुन्हा आहे.

घरात पाळतात तो ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचा, ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. पांढरा, काळा, लोंबत्या कानांचा, लांब केसांचा, जगातल्या सगळ्या पाळीव जाती याच्यापासून निघाल्या. हा बिळात राहणारा प्राणी आहे. एकमेकांना जोडलेल्या बोगद्यांमध्ये गटानं राहतो. त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात, कारण बिळाची ऊब आणि आडोसा असतो. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतो, चरतो, धावतो, आणि धोका दिसला की मागचा पाय जमिनीवर आपटून बाकीच्यांना सावध करून बिळात घुसतो.

आता या प्राण्याची दिवसभराची कामं मोजू या. चरणं आणि कुरतडणं, खणणं, लपणं, धावणं. ही चार कामं तो हजारो वर्षं करत आला आहे. पिंजऱ्यात ठेवलं म्हणून त्या इच्छा जात नाहीत. खणायला माती नसली तर सतरंजी खणतो, कुरतडायला फांदी नसली तर चार्जरची वायर कुरतडतो. त्याला आपण म्हणतो, "फार खोडकर आहे हो!" तो खोडकर नाही, बेरोजगार आहे. खेळणं म्हणजे त्याला दिलेलं काम. कुठलंही खेळणं हातात घेतलंत की स्वतःला विचारा, यातून ससा या चारपैकी कुठलं काम करणार? उत्तर सापडलं नाही, तर ते खेळणं आपल्या डोळ्यांसाठी आहे, सशासाठी नाही.

दात आणि पोट

सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त! झिजले नाहीत तर तोंडात वळतात, जीभ आणि गाल फाडतात, आणि समोर अन्न असून ससा उपाशी राहतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लाकडाचा तुकडा दिला की दातांचं काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. लाकूड, पुठ्ठा यांचा उपयोग मुख्यतः पुढच्या दातांना आणि करमणुकीला. मागच्या दाढा झिजतात त्या गवतानं. गवत चघळताना सशाचा जबडा आडवा फिरतो, जात्याच्या पाळीसारखा, आणि दाढेवर दाढ घासली जाते. दाणेदार खाद्य एका चाव्यात फुटतं, तिथे जातं फिरतच नाही. म्हणून सशाच्या आहारात चार भाग गवत आणि उरलेल्या एका भागात बाकी सगळं, असा हिशोब ठेवा. सुकं गवत चोवीस तास समोर पाहिजे.

पोटाचंही तेच. सशाला उलटी करता येत नाही, आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते चालतं ठेवतो तो चोथा. चोथा कमी पडला, भीती वाटली, दुखलं किंवा हालचाल थांबली, की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो आणि ससा खाणं सोडतो. हे दुष्टचक्र फार वेगानं फिरतं. ससा हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे तो दुखणं लपवतो, कोपऱ्यात गप्प बसतो. घरातल्यांना वाटतं, आज शांत आहे. मंडळी, लक्षात ठेवा: सशानं १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही, पशुवैद्याकडे न्यायचं. सशावर उपचार करण्याचा अनुभव सगळ्यांना नसतो. म्हणून ससा ठणठणीत असतानाच चार ठिकाणी विचारून डॉक्टर ठरवून ठेवा.

घर: तीन प्रश्न

आता घराकडे येऊ. घर कितीचं, हा प्रश्न नंतर. आधी तीन साधे प्रश्न विचारा.

पहिला: ससा मागच्या पायांवर ताठ उभा राहिला तर कान छताला लागतात का? लागत असतील तर घर बुटकं आहे. असा उभा राहून तो टेहळणी करतो, ती त्याची गरज आहे.

दुसरा: त्याला सलग धावता येतं का? एक उडी मारून भिंत आली तर ते धावणं नव्हे. सशाचा सांगाडा हलका आणि मागचे पाय ताकदीचे असतात. वापर नसला की हाडं आणि स्नायू दोन्ही कमजोर होतात.

तिसरा: त्याला लपता येतं का? चारी बाजूंनी उघडा पिंजरा म्हणजे बिळात राहणाऱ्या प्राण्याला भर चौकात बसवणं.

ब्रिटनमध्ये सशांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी जागा सांगितली आहे. आपल्या हिशोबात जवळपास १० फूट बाय साडेसहा फूट. तुम्ही म्हणाल, आमच्या वन-बीएचकेमध्ये हे कुठून आणायचं? रास्त प्रश्न आहे. यावर उपाय म्हणजे पिंजरा मोठा करत बसू नका, पिंजऱ्याचं दारच उघडं ठेवा. हॉलच्या एका कोपऱ्यात घडीच्या जाळ्यांचं कुंपण करा, चार फूट बाय चार फूट तरी. तो त्याचा कायमचा मुक्काम. आणि सकाळ-संध्याकाळ काही तास कुंपण उघडून हॉल त्याचा. त्याचा उत्साहाचा वेळ पहाटेचा आणि दिवेलागणीचा, म्हणजे नेमकं घरात माणसं असतात तेव्हाचा. दुपारी तो झोपा काढतो. तुमच्या वेळापत्रकाशी हे छान जुळतं.

आपल्याकडे १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, हा त्यातल्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे.

आता जमिनीबद्दल. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेच्या जाळीवर बसून बसून ते केस जातात, कातडी सोलते आणि जखमा होतात. म्हणून जाळीची जमीन नको. आणि गुळगुळीत टाइल्सही नकोत, कारण त्यांवर पाय घसरतात आणि ससा धावायला बिचकतो. जुनी सतरंजी किंवा सुती चादरीची घडी अंथरा. धुता येते, फाटली तर टाकता येते.

संडासाची सवय सशाला लवकर लागते. तो स्वतःच एक कोपरा निवडतो. त्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवा, त्यात रद्दीचे तुकडे आणि वर गवताचा थर. सुक्या गवताची टोपली ट्रेला लागूनच ठेवा, कारण सशाला खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते. देवदार किंवा पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा नको, मांजरांसाठीची ओली झाली की गोळा होणारी मातीही नको. पाणी जड दगडी वाडग्यात द्या. बाटलीपेक्षा वाडग्यातून पिणं त्याला सोपं जातं.

घरच्या घरी खेळणी

आता ज्यासाठी तुम्ही आलात ते. पाच खेळणी सांगते. वहीत लिहून घ्या, किंवा न लिहिताही लक्षात राहतील इतकी सोपी आहेत.

एक, दोन दारांचं खोकं. ससा आत वळू शकेल असं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना, लेबलं सगळं काढा. उलटं ठेवा आणि समोरासमोर नाही, तर शेजारशेजारच्या बाजूंना दोन दारं कापा, प्रत्येक साधारण सहा-सात इंचांचं. दोनच का? बिळाला नेहमी एकाहून जास्त वाटा असतात. एकाच दाराचं घर म्हणजे सापळा, असं सशाला वाटतं. दुसरं दार दिसलं की तो निर्धास्त होतो. दोन-तीन खोकी जोडली की बोगदा तयार.

दोन, गवताची नळी. किचन टॉवेल किंवा टॉयलेट पेपर संपला की उरणारी पुठ्ठ्याची नळी. तिच्यात सुकं गवत ठासून भरा आणि मधोमध कोथिंबिरीची एक काडी खुपसा. वास येतो, पण हाताला लागत नाही! मग ससा नळी लोळवतो, दातानं उचलून फेकतो, गवत उपसतो. जे गवत टोपलीत ठेवलं तर तो बघत नाही, तेच नळीतून काढून खातो. अन्न शोधण्यातच त्याला गंमत वाटते.

तीन, खणायची पेटी. एखादं पसरट घमेलं किंवा खोकं. त्यात रद्दीच्या पट्ट्या, भाताचा पेंढा, सुकं गवत मिसळून भरा आणि तळाशी खाद्याचे पाच-सहा दाणे टाका. पसारा होणार, हे आधीच मान्य करा. पण सतरंजीऐवजी घमेलं खणलं जातं, हा फायदा मोठा आहे. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी मोठ्या कुंडीत स्वच्छ माती भरली तरी चालेल, फक्त तिच्यात खत किंवा कीटकनाशक नको.

चार, उचलायची-फेकायची वस्तू. सशांना हलक्या वस्तू दातात धरून भिरकावायला आवडतं. खरवडून, धुऊन, कडा घासलेली नारळाची करवंटी, किंवा लहानशी स्टीलची वाटी. आवाज होतो, म्हणून रात्री काढून ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील.

पाच, कुरतडायच्या फांद्या. तुती, पेरू यांच्या फवारणी न झालेल्या फांद्या पानांसकट दिल्या तरी चालतात. बांबूची रंग-वॉर्निश नसलेली टोपलीही उत्तम. तिच्यात गवत भरून ठेवलं की तो आधी गवत खातो, मग टोपली. टोपली हळूहळू संपणार, ती संपायलाच आहे.

काय द्यायचं नाही, तेही ऐका. कण्हेर आणि घाणेरी विषारी आहेत. मनीप्लांट आणि डिफेनबेकिया घरात असतील तर उंचावर ठेवा. पीच, प्लम, जर्दाळू अशा फळझाडांच्या ओल्या फांद्या नकोत. गावाकडच्यांनी कोवळी ज्वारी टाळावी. गुरांना जे विष बाधतं तेच सशालाही. नायलॉनची दोरी, थर्मोकोल, मऊ रबर, साबणाची वासाची खोकी, चकचकीत रंगीत कागद, हे सगळं बाद. पुठ्ठा फाडला, थोडा पोटात गेला तर हरकत नाही. पण एखादा ससा पुठ्ठा फाडायच्या ऐवजी जेवणासारखा खात असेल, तर पुठ्ठा काढा आणि गवत पुरतंय का ते आधी तपासा.

सगळी खेळणी एकदम देऊ नका. दोन-तीन ठेवा, आठवड्यानं बदला. जुनं खेळणं पंधरा दिवसांनी परत आलं की नव्यासारखं वाटतं. लहान मुलांचं आणि याचं अगदी सारखं आहे.

ऊन, पाऊस आणि दिवाळी

वरची संस्था ब्रिटनमधली, आणि बहुतेक पुस्तकंही थंड देशांतली. तिथे काळजी थंडीची. आपल्याकडे शत्रू आहे ऊन. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून गार होणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. १५ ते २० अंशांत तो सुखी असतो, ३० च्या वर धोका सुरू होतो. मग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात काय होत असेल, ते सांगायला नको. नुसता पंखा फारसा उपयोगी नाही, कारण वारा घाम सुकवून गारवा देतो आणि इथे घामच नाही. कूलर किंवा एसीची खोली उत्तम. ते नसेल तर घरातली सगळ्यात गार, सावलीची खोली द्या. कडप्प्याची फरशी अंथरा, मातीचा रिकामा माठ किंवा मोठी कुंडी आडवी करून ओल्या फडक्यानं गुंडाळा, गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. कानांवरून ओला हात फिरवा. पण सशाला आंघोळ घालू नका, घाबरून त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि बाल्कनीत दुपारी कधीच नाही.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. वास कुबट आला की टाकून द्या, मोह नको. मागची बाजू ओली किंवा घाण राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात, म्हणून रोज एकदा उचलून बघा.

दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवसांत आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, दोन दारांची खोकी आणि भरपूर गवत देऊन ठेवा. भीतीनं खाणं थांबतं, आणि खाणं थांबलं की पुढचं मघाशी सांगितलंच.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*ताई, आमचा ससा रात्री पिंजऱ्याचे गज चावतो. दात शिवशिवतात का?*

बहुतेक वेळा दातांचा प्रश्न नसतो. तो त्याचा धावायचा वेळ असतो आणि दार बंद असतं. आधी संध्याकाळी मोकळं सोडून बघा, रात्रीला गवताच्या दोन नळ्या द्या. तरीही चालूच राहिलं तर दात तपासून घ्या.

*गाजर द्यायचं की नाही?*

गाजरात साखर बरीच असते. एखादी चकती खाऊ म्हणून द्या. कार्टूनमधला ससा गाजर खातो म्हणून आपण ते त्याचं जेवण समजलो. त्याचं जेवण गवत.

*माझ्या मुलीला त्याला सारखं उचलून घ्यायचं असतं.*

शिकारी पक्षी आणि प्राणी सशाला उचलतात. त्यामुळे उचललं गेलं की त्याला वाटतं, संपलं! तो मागच्या पायांनी झटके देतो, आणि त्या झटक्यानं त्याचाच मणका मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नका. मुलीला सांगा, जमिनीवर बस, हातात कोथिंबीर धर आणि वाट बघ. त्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, म्हणून हात बाजूनं ने. तो आपणहून मांडीवर पाय ठेवेल, तो दिवस तिच्या कायम लक्षात राहील.

*एकच ससा आहे. कंटाळतो का?*

कंटाळतो. कळपातला प्राणी आहे. पण नर-मादी जोडी आणण्याआधी दोघांची नसबंदी हवी, नाहीतर महिन्याभरात पिल्लं. गर्भ जेमतेम ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. जोडी जमेपर्यंत जाळीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू ओळख करून द्या.

*आता सांभाळणं होत नाही. एखाद्या बागेत सोडला तर निदान मोकळा राहील ना?*

नाही हो. पांढरा रंग, बिळाची ओळख नाही, कुत्रे, घारी, कावळे... तो फार टिकणार नाही. प्राण्याला उपाशीतापाशी सोडून देणं त्याच १९६० च्या कायद्यानं गुन्हाही आहे. सांभाळणारं घर शोधा, प्राणीमित्र संस्थांना विचारा. आणि त्याआधी एक आठवडा पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून, दोन खोकी आणि एक घमेलं देऊन बघा. ससा खूश झाला की धावता धावता हवेत उडी मारतो आणि त्या उडीतच अंगाला पीळ देतो. पुष्कळ लोकांनी आपल्या घरच्या सशाची ही उडी कधी पाहिलेलीच नसते, कारण तेवढी जागाच त्याला मिळालेली नसते. ती एकदा पाहा, आणि मग ठरवा.